हरसूलचा दगड आणि एक नसलेला ग्रह

माझा सत्कार एका ग्रहासाठी ठरला होता, आणि सत्काराच्या आदल्या दिवशी दुपारी तो ग्रह नाहीसा झाला. नाहीसा झाला म्हणणंही चूकच, कारण तो मुळात नव्हताच. पण तोवर फ्लेक्स छापून झाला होता.

मी न्यूट्रॉन ताऱ्यांवर काम करते. हे वाक्य नाशिकमध्ये कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: “हो, पण नोकरी कुठे?” म्हणून जरा फोड करून सांगते. मोठा तारा मरतो तेव्हा त्याचा गाभा आक्रसून जो गोळा उरतो, तो न्यूट्रॉन तारा. वजन सूर्याहून जास्त, आणि आकार असा की एक कड आडगावला ठेवली तर दुसरी महिरावणीला येईल. मेला तरी स्वस्थ बसत नाही. स्वतःभोवती गरगर फिरतो, आणि त्याच्यातून रेडिओ लहरींचा एक झोत बाहेर पडत असतो. तो झोत दर फेरीला आपल्यावरून गेला की दुर्बिणीत एक ठोका नोंदला जातो. असे ठोके देणाऱ्या ताऱ्याला पल्सार म्हणतात. ठोका कधी यायला हवा हे आम्ही आधी काढून ठेवतो, आणि तो खरंच केव्हा आला ते बघतो. लवकर आला किंवा उशिरा आला तर का, हे शोधायचं. आई याला हजेरी घेणं म्हणते, आणि ती तीस वर्षं शाळेत होती, त्यामुळे तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

माझ्या एका पल्सारचे ठोके काही महिने किंचित लवकर यायचे आणि नंतर काही महिने किंचित उशिरा. किंचित म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. याचा एक अर्थ असा होतो की त्या ताऱ्याभोवती एखादा ग्रह फिरतोय आणि ताऱ्याला जरासा इकडे, जरासा तिकडे ओढतोय. मी गणित मांडलं. ग्रहाचं वजन जवळपास पृथ्वीएवढं आलं. ताऱ्यापासूनचं अंतर जवळपास सूर्यापासून आपण आहोत तेवढंच. फेरी साडेअकरा महिन्यांची. डोकं ठिकाणावर असलेल्या बाईला इथेच संशय आला असता. मला आनंदाने रडू आलं.

रडण्याला कारण होतं. माझी शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपणार होती. पुण्यात एका कायमच्या जागेसाठी मुलाखत होती, आणि चौतिसाव्या वर्षी मला पुन्हा कुठल्या तरी परदेशी गावात दोन वर्षांच्या करारावर जाऊन थंडीत भांडी घासायची नव्हती. ग्रहाचा पेपर पाठवून झाला होता. तो छापला जाणार या हिशेबावर मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. ग्रह म्हणजे नोकरी, इतकं ते सरळ होतं.

आता बाबा. बाबा जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले. साखळी, फळीवर लावलेला कागद, हद्दीचे दगड आणि दोन्ही बाजूंनी ओरडणारे शेतकरी यांत त्यांचं आयुष्य गेलं. सुरगाण्यापासून सिन्नरपर्यंत त्यांनी न मोजलेला बांध नाही, असं ते म्हणतात. आमच्याकडे पोळीसुद्धा तिरकी फाडली तर “हद्द सोडून कुठे चाललीस?” असं विचारलं जायचं. पेपर पाठवल्याचं मी त्यांना फोनवर सांगितलं आणि “अजून कुणाला बोलू नका” असंही सांगितलं. बाबांनी ते शब्दशः पाळलं. कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक संघात सगळ्यांना सांगताना प्रत्येकाला ते बजावत होते, “अजून कुणाला बोलू नका.”

आठवड्याभरात सत्कार ठरला. आपल्याकडे सत्काराला फार कारण लागत नाही. माणूस, शाल आणि हॉल मोकळा असला की झालं. आमच्या संघाने आदल्या महिन्यात एका आजोबांचा मोतीबिंदूचं ऑपरेशन यशस्वी झालं म्हणून सत्कार केला होता. त्या मानाने मी बरी होते. रविवारी संध्याकाळी पाच वाजता, कॉलनीच्या हॉलमध्ये. फ्लेक्सवर लिहिलं होतं, “नाशिकच्या सुकन्येने शोधली नवी पृथ्वी”, आणि शेजारी माझा दहावीच्या वेळचा, दोन वेण्यांचा फोटो. तो कुणी दिला हे मी विचारलं नाही. आई त्या दिवशी माझ्या नजरेला नजर देत नव्हती.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर बाबा चष्मा पुसत माझ्या लॅपटॉपसमोर येऊन बसले. “मला उद्या दोन शब्द बोलायचेत. नीट समजावून सांग. मोजलंस कसं?”

मी आलेख दाखवला. वर जाणारी, खाली येणारी, पुन्हा वर जाणारी रेघ. बाबांनी ती बोटाने गिरवली.

“आणि दगड कुठला धरलास?”

“कसला दगड?”

“मोजणी कुठून तरी सुरू होते ना गं. एक पक्का दगड धरावा लागतो. तो हलला की सगळं शेत हलतं.”

मी समजावलं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणजे आमची दुर्बीणही फिरते. सहा महिने आपण ताऱ्याकडे सरकत असतो, सहा महिने त्याच्यापासून लांब. त्यामुळे ठोके आपोआपच लवकर किंवा उशिरा येतात. आपल्या फिरण्याचा हा हिस्सा आधी वजा करावा लागतो, आणि त्यासाठी तारा आकाशात नेमका कुठे आहे ते माहीत असावं लागतं. तेव्हा ताऱ्याची जागा हाच आमचा दगड.

“बरं. आणि ती जागा चुकली तर?”

“तर वजाबाकी चुकते. आपल्याच फिरण्याचा थोडा भाग शिल्लक राहतो.”

“तो कसा दिसेल?”

मी पडद्यावरच्या रेघेकडे बघितलं. तो असाच दिसेल. वर जाणारा, खाली येणारा, पुन्हा वर जाणारा, वर्षाला एक फेरी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. या धंद्यातल्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही ते माहीत असतं. फेरी बरोब्बर वर्षाची आली असती तर मी स्वतःच हसले असते. पण माझी आली होती साडेअकरा महिन्यांची, आणि त्या अर्ध्या महिन्याला मी बुडत्याने काडी धरावी तशी धरून बसले होते. माझ्याकडे निरीक्षणं जेमतेम सव्वा वर्षाची, त्यातही मध्ये दुरुस्तीमुळे दोन महिन्यांचं भगदाड. त्यात वर्षाचे साडेअकरा महिने व्हायला काय लागतं?

“जागा तपासली होती,” मी जरा आवाज चढवूनच म्हणाले.

“कशाशी?”

“आमच्या जुन्या फाईलशी.”

“आणि गणितात जागा कुठून घेतली होतीस?”

त्याच फाईलमधून. मी बाबांकडे बघितलं. बाबा बिचारे अजूनही आलेखाकडेच बघत होते. आपण काय केलं याची त्यांना कल्पना नव्हती. आईने चहा आणून ठेवला. मी गणितात एक बदल केला. आतापर्यंत ताऱ्याची जागा खिळा ठोकून ठेवल्यासारखी पक्की धरली होती, ती मोकळी सोडली. ताऱ्याला म्हटलं, तुला जिथे बसायचंय तिथे बस. तारा जरासा सरकला. किती? आमच्या गच्चीतून आठ किलोमीटरवरच्या पांडवलेण्यावर पाच रुपयांचं नाणं ठेवावं, तर ते जेवढं दिसेल तेवढा. आणि रेघ सपाट झाली. चहावर साय धरायच्या आत माझी नवी पृथ्वी गेली. मी शोधलेली पृथ्वी म्हणजे हीच होती, जिच्यावर आमचं डायनिंग टेबल ठेवलेलं आहे.

मी टेबलावर डोकं ठेवलं. बाबांना काय झालं ते हळूहळू कळलं. मग ते जे बोलले ते ऐकून मी डोकं वर केलं.

“उद्याचं होऊन जाऊ दे. मुलाखतही होऊ दे. मग बघू. इतक्यात कुणाला कळणार आहे?”

हे वाक्य बाबांच्या तोंडून येणं मला सहनच होईना. कारण मी लहानपणापासून हरसूलच्या गोष्टीवर वाढले होते. बाबा नोकरीत नवे असताना हरसूलजवळ एक शेत मोजायला गेले. शेवटची एसटी गाठायची घाई होती, म्हणून एकाच दगडावरून मोजणी केली आणि नकाशा केला. नंतर ऑफिसात जुने कागद काढले तेव्हा कळलं की तो दगड जागेवरून हललेला होता. एका शेतकऱ्याच्या नागलीच्या शेताची चांगली दहा पावलं पट्टी शेजाऱ्याच्या नावावर गेली होती. मग बाबा, कुणी सांगितलेलं नसताना, पुढच्या बाजाराच्या दिवशी हरसूलला परत गेले आणि भर बाजारात त्या माणसाला म्हणाले, “माझी मोजणी चुकली.” ही गोष्ट मी कॉपी करताना पकडले गेले तेव्हा ऐकली, काकांनी खोटं मेडिकल बिल लावलं तेव्हा ऐकली, कारण नसतानाही ऐकली. इतरांच्या घरी देव्हारा असतो, आमच्याकडे हरसूल होतं.

“तुम्ही हरसूलला गेला होतात ना?” मी म्हणाले. “मग मला हे काय शिकवताय?”

बाबा उठले. कोथिंबीर आणायची आहे म्हणाले आणि पिशवी न घेताच बाहेर पडले. फ्रीजमध्ये दोन जुड्या होत्या.

मी आधी सरांना, म्हणजे माझ्या पुण्यातल्या वरिष्ठांना, फोन केला. “जागा तपासलीस ना?” असं त्यांनी मला दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा मी “हो सर” म्हणाले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पेपर परत घे. आजच.” मुलाखतीबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. पेपर मागे घेण्याचं पत्र चार ओळींचं असतं. लिहायला मला दोन तास लागले, आणि पाठवल्यावर मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. लाज वाटत होती आणि रागही येत होता, मुख्यतः त्या साडेअकरा महिन्यांचा. सरळ बारा आले असते तर काय बिघडलं असतं?

रविवारी हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, भाषण टाईप करून आणलेलं. त्यांनी मला आधी बोलायला उभं केलं, कारण शालीची पिशवी घरी राहिली होती आणि ती आणायला कुणीतरी गेलं होतं. मी माईक हातात घेतला आणि एका दमात सांगून टाकलं. ग्रह नाही. माझी चूक झाली. ताऱ्याची जागा मी नीट तपासली नाही. कालच कळलं. पेपर परत घेतलाय.

मग पुढच्या रांगेतल्या मोतीबिंदूवाल्या आजोबांनी हात वर केला.

“म्हणजे ग्रह आहे की नाही?”

“नाही.”

“मग तिथे काय आहे?”

“तारा आहे. पण तो आधीपासून माहीत होता.”

“मग तुम्ही नक्की काय शोधलंत?”

“आपलीच पृथ्वी,” मी म्हणाले. यावर आजोबांनी मान डोलावली. त्यांना ते मोठं तत्त्वज्ञान वाटलं असावं.

अध्यक्षांकडे टाईप केलेलं भाषण होतं आणि टाईप केलेलं भाषण वाया घालवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी ते जसंच्या तसं वाचलं. नवी पृथ्वी, तिथली हवा, तिथे कदाचित राहत असलेले प्रगत जीव, सगळं. शेवटी मात्र कागद खाली ठेवून म्हणाले, “ग्रह नसला तरी शाल आलेली आहे.” टाळ्या झाल्या. मला शाल, नारळ आणि गुलाबाचं झाड मिळालं. जगात नसलेल्या ग्रहाबद्दल सत्कार झालेली मी एकटीच असेन. बाबांचे दोन शब्द होते, पण नाव पुकारल्यावर त्यांनी बसूनच हात जोडले आणि मान हलवली.

घरी येताना आई पुढे झाडाची कुंडी घेऊन चालत होती. बाबा मागे, माझ्या शेजारी, हातात नारळ. आमच्या गेटापाशी ते थांबले.

“मी गेलो नव्हतो,” ते म्हणाले.

“कुठे?”

“हरसूलला. परत. कधीच गेलो नाही. निघालो होतो एकदा. त्र्यंबकच्या स्टँडवर उतरलो, तासभर बसलो आणि परत आलो. तुला सांगताना मात्र...” त्यांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. “पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू सात वर्षांची होतीस. तुझा चेहरा बघून पुढे खोटं आहे म्हणून सांगवेना.”

मला त्यांचा भयंकर राग आला. म्हणजे मी नोकरी घालवली ती एका न घडलेल्या गोष्टीवर! दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. मुलाखत झाली. सात जणांच्या समितीने अत्यंत सौजन्याने पेपरचं विचारलं, मी अत्यंत सौजन्याने तो परत घेतल्याचं सांगितलं, आणि जागा दुसऱ्याला गेली. परतीच्या बसमध्ये संगमनेरच्या अलीकडे माझ्या लक्षात आलं की बाबांनी खरं सांगितलं ते मला सोपं जावं म्हणून नव्हे. मी माईकवर बोलले आणि त्यांना पुढे बसून ते ऐकावं लागलं, म्हणून त्यांना आपलं खोटं आणखी लपवता येईना. घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधीच मी विचारलं, “हरसूलचा बाजार कुठल्या वारी असतो?”

त्यांना वार पाठ होता.

आम्ही एसटीने गेलो. त्र्यंबकच्या स्टँडवर बाबा खिडकीतून बाहेर बघेनात. हरसूलला उतरल्यावर बाजारात चौकशी करत, दोन चुकीच्या घरांत पाणी पिऊन, तिसऱ्या घरी तो माणूस सापडला. आता तो चांगलाच म्हातारा झालेला, ओट्यावर बसून टोपलीला काठ घालत होता. बाबा त्याच्यासमोर शाळेतल्या मुलासारखे उभे राहिले. मग एकदम म्हणाले, “तुमच्या शेताची मोजणी मी केली होती. ती चुकली. दगड हललेला होता. तुमची पट्टी शेजाऱ्याकडे गेली.”

म्हाताऱ्याने त्यांना वरून खालून न्याहाळलं. “तुमी ते साखळीवालं सायेब? दगड हललेला हाय ते मला ठावं नाय व्हय? म्याच हलवला व्हता, बैल बांधाया.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“तुमी लय घाईत व्हते. आन सायबाला कोन सांगल?” त्याने पुन्हा टोपली हातात घेतली. “तुमचा नकाशा आमी पाळलाच नाय. बांध व्हता तिथंच हाय. शेजारी माझा सोयरा, तो बी म्हनला, कागुद राहू दे कागदाजागी.”

बाबांच्या चेहऱ्यावर मला आधी सुटका दिसली आणि मग, शप्पथ सांगते, अपमान. आपली मोजणी कुणी पाळली नाही याचा! तीस वर्षं जिच्या ओझ्याखाली माणूस वाकला, ती चूक त्या गावाने मनावरच घेतली नव्हती.

“पन मंग इतकी वर्सं आला का नाय?” म्हाताऱ्याने विचारलं.

“भीती वाटली,” बाबा म्हणाले.

“कसली? आमी मारतो काय?”

“तुम्ही मला चुकलात म्हणाल, याची.”

“मंग चुकलेच की तुमी,” म्हातारा म्हणाला, आणि आत वळून चहा टाकायला सांगितलं.

बाबा इतके हसले की त्यांना ओट्यावर बसावं लागलं. हसता हसता डोळे पुसत होते. मी त्यांना त्याआधी रडताना कधी बघितलं नव्हतं, आणि तेव्हाही हसतायत की रडतायत ते मला नीट कळलं नाही. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माझा राग तिथेच संपला.

चहा झाल्यावर त्यांनी झोळीतून टेप काढला. घरून आणला होता, मला न सांगता. कागदावरची चूक कागदावर तरी दुरुस्त झाली पाहिजे, अर्ज मीच लिहून देतो, म्हणाले. या वेळी त्यांनी एक सोडून तीन दगड शोधले, आणि तिसरा सापडेपर्यंत आम्हाला उन्हात दोन बांध तुडवायला लावले. मग टेपचं एक टोक माझ्या हातात देऊन मला बैलाच्या दगडावर उभं केलं आणि दुसरं टोक घेऊन ते नागलीच्या शेतातून लांब चालत गेले.

“हलू नकोस!” तिकडून ओरडले.

“तेवढं माझ्या हातात नाही, बाबा, पृथ्वी फिरतेय,” मी ओरडून सांगितलं, आणि टेप घट्ट धरला.